जुना तांब्याचा पैसा: त्याची किंमत नेमकी कशानं ठरते

देवघरातल्या कलशात, आजीच्या बटव्यात किंवा माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात राणीच्या मुखवट्याचे चार काळपट पैसे सापडले की घरात पहिली शोधाशोध होते ती चिंचेची. पूजेची भांडी जशी लख्ख होतात तसे पैसेही लख्ख होतात, आणि तिथेच त्यांची निम्मीअधिक किंमत धुऊन जाते. म्हणून सुरुवातीलाच एक विनंती: हा लेख वाचून होईपर्यंत त्या नाण्यांना पाणीसुद्धा लावू नका.

इथे आपण ब्रिटिश अमदानीतल्या तांब्याच्या आणि काँस्याच्या लहान नाण्यांबद्दल बोलणार आहोत: पै, अर्धा पैसा, पैसा म्हणजे पाव आणा, आणि ढब्बू म्हणजे अर्धा आणा. महाराष्ट्रात घरोघरी सापडतात ती हीच.

जुनं म्हणजे महाग, हा समज आधी काढून टाका

ईस्ट इंडिया कंपनीचा १८३५ चा पाव आणा आज जवळजवळ दोन शतकांचा आहे. तरी घासलेल्या अवस्थेत तो कुठल्याही नाणे प्रदर्शनात टोपलीभर दिसतो, कारण तो मुळातच प्रचंड संख्येनं पाडला गेला आणि तांबं असल्यामुळे टिकलाही. त्याच्यापेक्षा अर्ध्या शतकानं धाकटा असलेला देवास संस्थानचा १८८८ चा पाव आणा मात्र संग्राहक शोधत फिरतात. वय हा किमतीचा फार तर एक आणा. उरलेले पंधरा आणे अवलंबून असतात ते आज अशी किती नाणी उरली आहेत, ती किती जणांना हवी आहेत, आपलं नाणं कोणत्या अवस्थेत आहे आणि ते खरं आहे का, यावर. यातही अवस्थेचं वजन सगळ्यांत जास्त. एकाच सालाच्या, एकाच टांकसाळीच्या दोन पैशांत एकाला चहाचे पैसे आणि दुसऱ्याला हजारो रुपये मिळू शकतात.

धातूची किंमत तर विसरूनच जा. साडेसहा ग्रॅम तांबं मोडीत कितीला जाईल, याचा हिशेब तुम्हीच करा.

पहिली पायरी: हातात काय आहे ते ओळखा

लागणारं सामान थोडं आहे. दहापट मोठं दाखवणारं भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा खिशातला वजनकाटा, एक साधं चुंबक, प्लास्टिकची पट्टी आणि वाकवता येणारा टेबललॅम्प. स्वयंपाकघरातला काटा इथे कामाचा नाही. तो पूर्ण ग्रॅमच मोजतो आणि आपला सगळा खेळ ग्रॅमच्या दशांशांत आहे. काटा बरोबर आहे का हे पाहायला आजचं दहा रुपयांचं नाणं ठेवा. ७.७ ग्रॅमच्या आसपास आकडा आला पाहिजे.

हिशेब आठवून घ्या: ३ पै म्हणजे १ पैसा, ४ पैसे म्हणजे १ आणा, १६ आणे म्हणजे १ रुपया. नाण्यावर इंग्रजीत ‘वन क्वार्टर आना’ लिहिलं असेल तर तो पैसा, ‘हाफ पाइस’ म्हणजे अर्धा पैसा, ‘वन ट्वेल्थ आना’ म्हणजे पै.

१८३५ पासून तांब्याच्या नाण्यांची वजनं ठरलेली होती. अर्धा आणा २०० ग्रेन म्हणजे १२.९५ ग्रॅम, पाव आणा १०० ग्रेन म्हणजे ६.४८ ग्रॅम, अर्धा पैसा ३.२४ ग्रॅम आणि पै २.१६ ग्रॅम. १९०६ मध्ये सरकारनं शुद्ध तांबं सोडून तांबं, कथील आणि जस्त यांचं काँस्य घेतलं आणि वजनं पाऊणपट केली: पाव आणा ४.८६, अर्धा पैसा २.४३, पै १.६२ ग्रॅम. हे आकडे एका कागदावर लिहून काट्याशेजारी चिकटवून ठेवा. वापरात झिजलेलं नाणं यापेक्षा थोडं हलकं भरतं. मात्र ६.४८ चं नाणं ५.५ वर आलं असेल तर ते केवळ झिजेनं झालं असेल असं समजू नका.

आता मुखवटा आणि त्याभोवतीची अक्षरं पाहा. मुखवटाच नसेल, ढाल धरलेले सिंह आणि ‘ईस्ट इंडिया कंपनी’ अशी अक्षरं असतील, तर ते कंपनीचं नाणं. पाव आण्यावर बहुधा १८३५, १८५७ किंवा १८५८ साल दिसेल. १८६२ पासून व्हिक्टोरिया येते. १८७६ पर्यंत तिच्या नावापुढे ‘क्वीन’ आहे आणि १८७७ पासून ‘एम्प्रेस’, कारण त्या वर्षीच्या पहिल्या जानेवारीला दिल्ली दरबारात तिच्या सम्राज्ञीपदाची घोषणा झाली. १९०३ पासून सातवा एडवर्ड दिसतो. त्याच्या डोक्यावर मुकुट नाही. १९११ पासून मुकुट घातलेला पाचवा जॉर्ज आणि १९३८ पासून सहावा जॉर्ज. आठव्या एडवर्डच्या नावाचा ब्रिटिश हिंदुस्थानचा पैसा चलनात आलाच नाही. त्याचं नाव हवं असेल तर कच्छ संस्थानच्या चांदीच्या कोरी या नाण्याकडे वळावं लागतं.

तीन पैसे, अगदी जवळून

पहिला, १९०६ चा पाव आणा. हे साल दोन्ही धातूंत आहे. वर्षाच्या सुरुवातीच्या तुकड्या तांब्याच्या, नंतरच्या काँस्याच्या. शंभर वर्षांनी दोन्ही सारखेच तपकिरी दिसतात, व्यासही जवळपास तोच, साधारण २५ मिलिमीटर. त्यामुळे डोळ्यावर विसंबून चालत नाही. काट्यावर ठेवा. ६.३ ते ६.५ आलं तर तांबं, ४.७ ते ४.९ आलं तर काँस्य. काटा नसेल तर १९०४ चा आणि १९०८ चा असे दोन ओळखीचे पैसे घेऊन तिघांच्या कडा शेजारी उभ्या धरा. तांब्याचा पैसा स्पष्ट जाड दिसतो. ढिगातून १९०६ साल दिसलं की प्रत्येक नाणं तोलायचं, ही सवय लावून घ्या.

दुसरा, मघाशी उल्लेख केलेला देवासचा पैसा. १८७६ च्या कायद्यान्वये काही संस्थानांची नाणी सरकारी टांकसाळीत पाडून दिली जाऊ लागली. दर्शनी बाजूला तोच ‘व्हिक्टोरिया एम्प्रेस’चा मुखवटा, आकार तोच, वजन तेच. फरक मागच्या बाजूला: जिथे नेहमी ‘इंडिया’ असतं तिथे संस्थानचं नाव. धारचे पैसे १८८७ चे, देवासच्या थोरल्या आणि धाकट्या पातीचे १८८८ चे, बिकानेरचे १८९५ चे. सैलाना संस्थानचा पाव आणा सातव्या एडवर्डच्या मुखवट्यासह १९०८ चा आणि पाचव्या जॉर्जसह १९१२ चा आहे. धार आणि देवास ही माळव्यातली मराठी पवारांची राज्यं, त्यामुळे महाराष्ट्रातल्या संग्राहकांना या पैशांची ओढ जरा जास्तच. हे पैसे ढिगात चुकतात ते एकाच कारणानं. माणूस राणीचा चेहरा पाहतो, ‘व्हिक्टोरियाचा पैसा’ म्हणतो आणि नाणं बाजूला टाकतो. प्रत्येक पैसा उलटायचा, साल वाचायचं आणि सालाच्या वरचा शब्दही वाचायचा.

तिसरा, १९११ चा. पाचव्या जॉर्जच्या पहिल्या नाण्यांवर त्याच्या झग्यावरच्या मानचिन्हांच्या साखळीत एक हत्ती कोरलेला होता. सोंड आखूड, पाय बुटके, त्यामुळे तो लोकांना डुकरासारखा दिसला. मुसलमान समाजात नाराजी पसरली आणि १९१२ पासून हत्ती नव्यानं कोरला गेला. या घोळामुळे १९११ चा रुपया प्रसिद्ध झाला, पण त्याच सालचा पाव आणाही त्याच जुन्या हत्तीचा आहे आणि हा नमुना फक्त एका वर्षाचा आहे. त्याची मजा मात्र हत्ती दिसला तरच. छातीवरचा हा भाग उंच असल्यामुळे लवकर झिजतो. भिंगातून सोंड आणि पाय वेगळे ओळखू येत असतील तर भाव चांगला. नुसता गोळा उरला असेल तर १९११ साल असूनही पैसा सामान्यच.

याउलट १९३६ चा पाव आणा इतका पाडला गेला की घासलेला तर पैशाला पासरी मिळतो. तो विकत घ्यायचाच तर मूळ लाली असलेलाच घ्या.

भोकाचा पैसा आणि टांकसाळीच्या खुणा

दुसऱ्या महायुद्धात तांब्याची टंचाई झाली आणि १९४३ मध्ये मधोमध मोठं भोक असलेला, जेमतेम दोन ग्रॅमचा पैसा आला. त्याची पाडणी १९४७ पर्यंत चालली. मुंबई आणि कोलकात्याबरोबर लाहोरच्या नव्या टांकसाळीत, शिवाय दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिटोरियातही तो पाडला गेला. सालाच्या जवळपास भिंग फिरवा. ‘एल’ अक्षर म्हणजे लाहोर, बारीक चौकट किंवा ठिपका बहुधा मुंबईचा, आणि काहीच खूण नसेल तर सहसा कोलकाता. मुकुटाचेही वेगवेगळे आकार आहेत, काहींवर चपटा तर काहींवर उंच. एकेक नाणं स्वस्त असलं तरी साल, खूण आणि मुकुट यांची सगळी जोडणी पूर्ण करायला बसलात की शेवटची दोन-तीन नाणी भलतीच दमवतात. कमी पैशात नाणी वाचायला शिकायचं असेल तर सुरुवात इथूनच करा.

स्वातंत्र्यानंतरचा घोड्याचा पैसा १९५० ते १९५५ चा. त्यात १९५० ची काही नाणी जाड तबकडीची आहेत, तेवढं तपासा. १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली आणि आणे-पैचा हिशेब संपला.

अवस्था ठरवणं: दिवा तिरका धरा

नाण्यावर समोरून प्रकाश टाकला की सगळं सपाट दिसतं. दिवा बाजूनं, साधारण तीस अंशांत धरा आणि नाणं कडेनं पकडून सावकाश फिरवा. न वापरलेल्या नाण्यावर प्रकाशाचा पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा गोल फिरतो. ठशाच्या दाबानं धातू बाहेरच्या दिशेला सरकताना ज्या सूक्ष्म रेषा पडतात, त्यांची ही चमक. ती एकदा गेली की कुठल्याही उपायानं परत येत नाही, आणि पॉलिशची चमक वेगळी असते: ती सगळीकडे एकसारखी आणि स्थिर, फिरत नाही.

मग उंचवटे पाहा. व्हिक्टोरियाच्या नाण्यावर गाल, कपाळावरचे केस, मुकुटाचे मोती आणि पोलक्यावरची नक्षी. जॉर्जच्या नाण्यांवर मुकुटाचा माथा, कान, दाढी आणि झगा. केसांचा एकेक धागा मोजता येत असेल आणि केवळ टोकांवर घासल्याची पुसट खूण असेल तर ते ‘एक्स्ट्रीमली फाईन’. केसांचे मुख्य पुंजके स्पष्ट, पोलक्यावरची नक्षी निम्मीअधिक शाबूत असेल तर ‘व्हेरी फाईन’. आकृती पूर्ण पण आतले तपशील गेलेले असतील तर ‘फाईन’. झीज अजिबात नसेल तर ‘यूएनसी’, म्हणजे ‘अनसर्क्युलेटेड’, न वापरलेलं. आंतरराष्ट्रीय पातळीवर १ ते ७० अशी गुणपद्धत वापरतात. त्यात ६० पासून पुढे न वापरलेली नाणी येतात.

आपल्याकडे विकणारे एक पायरी वरची सांगतात आणि घेणारे एक पायरी खालची. म्हणून स्वतःच्या नाण्याकडे घेणाऱ्याच्या नजरेनं पाहायला शिका. शंका असेल तिथे खालची पायरी धरा.

एक गफलत नेहमी होते. काही नाणी टांकसाळीतूनच पुसट पडलेली असतात, कारण ठसा झिजलेला असतो किंवा दाब कमी पडलेला असतो. ओळखायचं कसं? झिजेनं पुसट झालेला भाग गुळगुळीत आणि वेगळ्या रंगाचा असतो. कमी दाबामुळे पुसट राहिलेल्या भागावर आजूबाजूच्या पृष्ठभागासारखीच मूळ चमक असते.

तांब्याच्या नाण्यांत रंगाची वेगळी पायरी आहे. टांकसाळीतून येतानाची लाली ९५ टक्क्यांहून जास्त उरली असेल तर ‘रेड’, पाच टक्क्यांहून कमी असेल तर ‘ब्राऊन’, मधलं सगळं ‘रेड-ब्राऊन’. आपल्या दमट हवेत शंभर वर्षं लाल राहिलेला पैसा विरळा, म्हणूनच त्याला भाव. पण एकसारखा, गडद चॉकलेटी पैसाही कमी देखणा नसतो. अनेक जाणते संग्राहक मुद्दाम तेच नाणं उचलतात, कारण तिथे कोणी हात लावलेला नसल्याची खात्री असते.

चिंच, लिंबू, पितांबरी: नेमकं काय बिघडतं

हवेशी संयोग होऊन तांब्यावर ऑक्साइडचा पातळ थर बसतो. हीच तपकिरी साय. ती घट्ट आणि एकसंध असेल तर खालच्या धातूचं रक्षण करते. चिंचेतलं आणि लिंबातलं आम्ल ही साय विरघळवतं. खालून उघडं पडतं ते गुलाबी, निस्तेज तांबं, आणि त्यावरच्या त्या फिरत्या चमकेच्या रेषाही आम्लानं खाल्लेल्या असतात. काही महिन्यांत ते पुन्हा काळवंडतं, पण डागाडागांनी. पावडर, राख किंवा टूथपेस्टनं घासलं तर समांतर ओरखडे पडतात. तिरक्या दिव्यात ते केसांसारखे चमकतात. जाणकार ते दोन सेकंदांत ओळखतो आणि भाव पाडतो.

मग मळ काढायचाच नाही का? काढा, पण तांब्याच्या सायीला धक्का न लावता. क्रम असा ठेवा:

१. काचेच्या वाटीत डिस्टिल्ड वॉटर घ्या, नाणं बुडवून चोवीस तास ठेवा, मधे एकदा पाणी बदला. नळाचं पाणी नको, त्यातल्या क्लोरीननं डाग पडतात. बाहेर काढून मऊ सुती कापडात दाबून टिपा. पुसायचं नाही.

२. चिकटपणा, तेल, कुंकवाचा किंवा टेपचा थर असेल तर रसायनांच्या दुकानातलं शुद्ध ॲसिटोन काचेच्या भांड्यात घेऊन पाच-दहा मिनिटं ठेवा. नखांचं पॉलिश काढायचं द्रावण घेऊ नका, त्यात रंग आणि सुगंध असतात. खिडक्या उघड्या ठेवा, जवळ गॅस किंवा निरांजन पेटतं नको, आणि प्लास्टिकची वाटी अजिबात नको, ती विरघळून नाण्यावर बसेल.

३. हिरवट कडक मळ असेल तर औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या लिक्विड पॅराफिनमध्ये नाणं दोन-तीन आठवडे बुडवून ठेवा. मळ सैल झाला की गुलाबाच्या काट्यानं, भिंगाखाली, हलक्या हातानं उचला. सुई किंवा टाचणी घेतलीत तर ओरखडा कायमचा. शेवटी ॲसिटोननं तेल काढा.

हिरवा रंग पाहून घाबरायचं की नाही, हे कसं ठरवायचं? घट्ट, गुळगुळीत, गडद हिरवा थर स्थिर असतो. तो राहू द्या. फिकट हिरवी, पिठासारखी भुकटी दिसली, काढली आणि पावसाळ्यात परत आली, तर ते क्लोराइडनं पोखरणं आहे. नदीत टाकलेल्या किंवा खाऱ्या हवेत राहिलेल्या नाण्यांत हे हमखास दिसतं. तसं नाणं तात्काळ वेगळ्या डबीत, सिलिका जेलसह कोरडं ठेवा. दमट हवा मिळाली की पोखरण चालू राहते.

भोक पाडलेलं, कडी जोडलेलं, माळेत ओवलेलं नाणं दुर्मीळ असलं तरी बरंच खाली येतं. कडीचा डाख काढायला तापवलेलं नाणं तर ओळखूच येतं: डाखाच्या जागेचा रंग कधीच जुळत नाही. अशी नाणी दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका. घरची माळ असेल तर ती माळ म्हणूनच जपावी, हे आमचं स्पष्ट मत.

टांकसाळीची चूक आणि घरगुती ठोकाठोक

टांकसाळीत चुकून बिघडलेल्या नाण्यांना चांगली मागणी आहे, म्हणून बनवाबनवीही तितकीच. ठसा एका बाजूला सरकलेला असेल तर मोकळ्या राहिलेल्या चंद्रकोरीत कड उठलेली नसते आणि तिथला धातू किंचित पसरलेला असतो. कड अर्धगोल कापलेली असेल तर बरोबर समोरच्या बाजूची कड पाहा: खऱ्या नाण्यात ती दबलेली, पुसट असते, कारण कड उठवणाऱ्या यंत्रात त्या जागी दाबच मिळालेला नसतो. कानशीनं कापलेल्या नाण्यात समोरची कड ठणठणीत असते.

एका बाजूला मुखवटा आणि दुसऱ्या बाजूला तोच मुखवटा आत दबलेला, आरशातल्यासारखा उलटा, हा खरा प्रकार आहे. आधीचं नाणं ठशाला चिकटून राहिलं की असं होतं. पण दोन नाणी एकमेकांवर ठेवून हातोडीनं ठोकली तरी उलटी अक्षरं उमटतात. तेव्हा मूळ आकृती शिल्लक राहते, चपटी होते आणि तिच्यावर उलटी अक्षरं चढलेली दिसतात. दोन्हीकडे सुलटे मुखवटे असलेला पैसा दिसला तर कडेच्या आतल्या बाजूनं भिंग फिरवा. दोन नाणी कातून एकात एक बसवल्याची सांध्याची रेघ सापडेल.

भोकाच्या पैशाचं भोक सरकलेलं असेल तर छान. भोकच नसलेला पैसा कोणी दाखवला तर भोकाच्या जागी नंतर तुकडा भरलाय का, ते दोन्ही बाजूंनी पाहा.

खोटी नाणी

सगळ्यांत जास्त फसवणूक होते ती देवांच्या चित्रांच्या नाण्यांत. राम दरबार, हनुमान किंवा लक्ष्मी एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला ‘ईस्ट इंडिया कंपनी’, ‘यूकेएल वन आना’, साल १८१८, १७१७ किंवा १६१६. कंपनीनं अशी नाणी कधीही पाडली नाहीत. ‘यूकेएल’ हा शब्दच मनगढंत आहे. हे श्रद्धेनं ठेवायचे टोकन. पूजेत ठेवा, पण लाखो रुपयांना घेऊ नका आणि विकूही नका. तांदूळ खेचून घेणारं, ‘इरिडियम’ असलेलं नाणं हा तर उघड गुन्हेगारी प्रकार आहे, त्यात माणसं जन्माची कमाई घालवून बसली आहेत.

ओतीव नकल ओळखायची तर पृष्ठभागावर रव्यासारखे बारीक खड्डे, अक्षरांच्या कडा साबणासारख्या विरघळलेल्या, कडेवर गोल फिरणारी रेघ आणि चुकीचं वजन. चुंबकाला चिकटलं तर प्रश्नच मिटला: आत लोखंड, वर मुलामा. सालाचा एखादा आकडा बदललेला असेल तर त्या आकड्याभोवतीची जमीन बाकीच्या पृष्ठभागापेक्षा गुळगुळीत किंवा खरवडलेली दिसते.

धातूची चाळणी म्हणून पाण्यातलं वजन घेता येतं. काट्यावर पाण्याचा छोटा ग्लास ठेवून आकडा शून्य करा. नाणं पातळ दोऱ्यानं बांधून तळाला किंवा कडेला न टेकता पूर्ण बुडवा. काटा जो आकडा दाखवेल त्यानं नाण्याच्या कोरड्या वजनाला भागा. तांब्याला ८.९ च्या आसपास यायला हवं, म्हणजे ६.४८ ग्रॅमच्या पैशाला काट्यावर ०.७३ दिसेल. नाण्याला बुडबुडा चिकटला तर आकडा फसवतो; दोरा हलवून तो सोडवा आणि तीनदा मोजा. पितळ आणि तांबं यांतला फरक इतक्या लहान नाण्यात निसटू शकतो, शिसं-कथलाचं ओतकाम मात्र बहुधा पकडलं जातं.

आणखी एक सूक्ष्म प्रकार आहे. टांकसाळीनंच जुन्या ठशांवरून पुढच्या काळात संग्राहकांसाठी पाडून दिलेली, आरशासारख्या पार्श्वभूमीची नाणी. ती खोटी नाहीत, पण मूळ सालची समजून त्या भावानं घेऊ नयेत. असं नाणं मान्यवर लिलावातूनच, लेखी वर्णनासह घ्यावं.

जपणूक

नाणं नेहमी कडेनं धरा. बोटाचा ठसा तांब्यावर महिनाभरात कोरला जातो आणि निघत नाही. मऊ, वास येणाऱ्या पीव्हीसी पाकिटांतून कालांतरानं आम्ल सुटतं आणि नाण्यावर हिरवा चिकट थर येतो. त्याऐवजी मायलरची, म्हणजे पारदर्शक पॉलिएस्टर फिल्मची, खिडकी असलेले पुठ्ठ्याचे चौकोनी होल्डर घ्या आणि त्यांच्या पिना पकडीनं चपट्या करा, नाहीतर शेजारच्या नाण्याला ओरखडे जातात. रबरबँड नको, त्यातल्या गंधकानं तांबं काळं पडतं. वर्तमानपत्राची पुडी नको, नव्या लाकडाची पेटीही नको. हवाबंद डबा आणि सिलिका जेलची पाकिटं पुरेत. कोकण, गोवा आणि मुंबईत जून ते सप्टेंबर ती पाकिटं दर महिन्याला बदला. मराठवाड्यात एवढी घाई नसते.

भाव कळणं आणि विकणं

जाहिरातीत मागितलेली किंमत म्हणजे भाव नव्हे. लिलावगृहांच्या संकेतस्थळांवर पार पडलेल्या विक्रीचे निकाल असतात. तिथे आपलंच साल, आपलीच टांकसाळ आणि आपल्यासारखीच अवस्था शोधा. तीन-चार निकाल मिळाले की अंदाज येतो. व्यापारी त्याहून कमी देणार, त्याला दुकान चालवायचं असतं, यात राग मानण्यासारखं काही नाही. पुण्याचा जुना बाजार नजर तयार करायला उत्तम, पण विकायला नाणे प्रदर्शनच बरं: एकाच दिवसात दहा व्यापाऱ्यांकडून भाव विचारता येतो. खरी नाणी पाहून डोळा घडवायचा असेल तर मुंबईत फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं मौद्रिक संग्रहालय आणि नाशिकजवळ अंजनेरीची नाणकशास्त्र संशोधन संस्था, या दोन्ही जागी निवांत वेळ काढून जा.

नाणं प्रमाणित करून प्लास्टिकच्या सीलबंद पेटीत घ्यायचं की नाही, हे खर्चावर ठरवा. प्रमाणपत्राचा आणि टपालाचा खर्च नाण्याच्या किमतीच्या पाव हिश्श्याहून जास्त होत असेल तर सोडून द्या.

विक्रीसाठी फोटो काढताना फ्लॅश बंद, करड्या कागदावर, खिडकीच्या तिरक्या उजेडात दोन्ही बाजू, एक कडेचा आणि एक काट्यावरचा आकडा दिसेल असा. घासलेलं, धुतलेलं, भोकाचं असेल ते आधीच सांगा.

‘तुमच्या पैशाला पाच लाख देतो, आधी नोंदणीचे दोन हजार भरा’ असा फोन आला तर तिथेच ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितलं आहे की ती जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीत पडत नाही आणि त्यासाठी कुणाकडूनही शुल्क किंवा कमिशन मागत नाही. खरा घेणारा आधी पैसे मागत नाही. तो आधी नाणं पाहायला मागतो.

कायद्याच्या दोन गोष्टी. शेत नांगरताना किंवा पाया खणताना नाण्यांचा हंडा लागला तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. परस्पर विकणं गुन्हा आहे. आणि १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली शंभर वर्षांहून जुनी नाणी देशाबाहेर नेता येत नाहीत. परदेशात राहणाऱ्या लेकीला आजीचा १८६२ चा पैसा आठवण म्हणून द्यायचा असला तरी तो बॅगेत टाकू नका. १९४३ चा भोकाचा पैसा द्या. तो अजून शंभरीच्या आत आहे.